तुमचा हात आपोआप कोणत्या कॅमेऱ्याकडे जातो?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या साफसफाईत आबांचं लोखंडी कपाट उघडलं. जुन्या पंचांगांची चळत, पितळी कुलपं, कुणाकुणाच्या मुंजीच्या पत्रिका, आणि तळाशी कातडी पिशवीत आग्फा क्लिक थ्री. आबांनी आमच्या घरातले १९८५ पर्यंतचे सगळे फोटो याच कॅमेऱ्यावर काढले. पिशवी उघडल्यावर जुन्या चामड्याचा तो वास आला आणि मी तिथेच फरशीवर बसलो.

कॅमेऱ्यावर बडोद्याचं नाव आहे. मला हे माहीतच नव्हतं. भारतात घरोघरी गेलेला हा डबा आपल्या गावात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. माझ्याकडे चांगला निकॉन डी७५० आहे, त्याच्या तीन लेन्स आहेत. तरी घरातून निघताना हात जातो तो फूजीच्या जुन्या एक्स१०० कडे. २०११ चा कॅमेरा, फोकस आजच्या मानाने हळू, झूम नाही, लेन्स बदलता येत नाही. पण अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची, रिंग लेन्सवर आणि शटरच्या वेगाची चकती डोक्यावर, त्यामुळे बटण चालू करायच्या आधीच सगळं नजरेला दिसतं. शटरचा आवाज इतका बारीक की देवळातही कुणी मान वळवत नाही. आणि त्याचा काचेचा व्ह्यूफाइंडर! त्यात चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. मंगळबाजारात उभा असलो की डावीकडून हातगाडी येतेय हे मला ती चौकटीत शिरायच्या आधी कळतं, आणि ती नेमकी कुठे आली की दाबायचं ते ठरवायला वेळ मिळतो. डी७५० चा फोटो मोठा करून पाहिला तर तो सरसच असतो. फिरण्याचा आनंद मात्र मला याच्यावर जास्त मिळतो.

तुमचं काय? सगळ्यात भारी कॅमेरा कुठला ते विचारत नाहीये. हातात घेतल्यावर बरं वाटतं तो कुठला, आणि का?

दुसरं, भाची यंदा फाइन आर्ट्सला लागली. तिला कॅमेरा द्यायचाय. चाळीस हजारांपर्यंत, वापरलेला चालेल. तेही सुचवा.

पाणवठा
मस्त धागा. माझं उत्तर सोपं आहे: निकॉन डी५०० आणि २००-५०० ची लेन्स.

हिवाळ्यात मी जवळजवळ दर रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर असतो. सयाजीरावांच्या काळातलं तळं, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पाच वाजता घर सोडायचं. पोचेपर्यंत अंधार, पाण्यावर धुकं, आणि आवाज फक्त पट्टकादंबांचा. हिमालय ओलांडून आलेले पक्षी आपल्या डभोईच्या शेतांवरून उडताना पाहणं, यापुढे मला बाकी काही सुचत नाही.

त्या अंधारात डी५०० ची डावीकडची बटणं उजळतात. अंगठ्याखाली जॉयस्टिक आहे, फोकसचा बिंदू न बघता हलवता येतो. सेकंदाला दहा फोटो. पण खरं कारण वेगळंच आहे. सात वर्षं झाली, आता बोटांना पाठ झालाय. थवा उठतो तेव्हा कॅमेऱ्याचा विचार मनात येत नाही, फक्त पक्षी दिसतात. मित्राचा नवीन मिररलेस दोन दिवस वापरला, फोकस याच्यापेक्षा खूप पुढचा. पण थवा उठला आणि मी बटण शोधत राहिलो.

वजन आहे. लेन्सच सव्वादोन किलोच्या वर. खांदा बोलतो.

सेवउसळ
पाणवठा दादा, सव्वादोन किलो! माझा अख्खा कॅमेरा पाव किलोच्या आसपास आहे :)

रिको जीआर थ्री. शर्टाच्या खिशात मावतो. एका हाताने चालू, एका हाताने बंद. लेन्स २८ मिमीच्या, म्हणजे रुंद नजरेची, झूम नाही. यातली मला आवडणारी सोय म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधीच दोन मीटरवर बांधून ठेवायचं, अ‍ॅपर्चर आठवर, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, सरळ फोटो. मांडवीपासून लहेरीपुऱ्यापर्यंत चालत जातो, दोन मीटर म्हणजे किती ते आता पावलांना कळतं.

मित्र म्हणतात मोबाइल आहे की. आहे. पण मोबाइल काढला की आधी तीन मेसेज दिसतात, आणि तेवढ्यात तो पतंगवाला मांजा गुंडाळून मोकळा झालेला असतो.

डार्करूम
क्लिक थ्रीचा उल्लेख पाहून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इथे लिहितोय.

मी रावपुऱ्यात एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून स्टुडिओत काम केलं, आधी हाताखाली, मग स्वतःचा. आता स्टुडिओ बंद आहे. क्लिक थ्री घेऊन लोक दुकानात यायचे, रोल भरून द्या म्हणायचे. १२० मापाचा फिल्मचा रोल, बारा फोटो. शटर एकच, ऊन आणि ढग अशा खुणा, फोकस करायचाच नाही. सगळ्यांना एकच सांगायचो, सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा आणि माणसापासून दहा फूट लांब उभे राहा. हे दोन पाळले की फोटो येणारच. लोक तिसरं एक विसरायचे, श्वास रोखायला. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपासचं, बटण दाबताना हात खाली गेला की संपलं.

माझा आवडता कॅमेरा याशिका मॅट १२४ जी. दोन लेन्सचा. गरब्यात एका लहान मुलाने मला विचारलं होतं, काका, याला दोन डोळे आहेत, मग फोटो काढताना एक मिटत का नाही? त्याला दाखवलं. वरच्या डोळ्याने आपण बघायचं, खालच्या डोळ्याने फिल्म बघते. मधला आरसा जागचा हलत नाही, म्हणून फोटो निघतो त्या क्षणीसुद्धा माणूस काचेवर दिसत राहतो. एसएलआरमध्ये, म्हणजे एकाच लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यात, आरसा उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी अंधार होतो. नवरीने डोळे मिटले का, हे मला मॅटवर तिथल्या तिथे कळायचं. रोल धुवायची वाट बघावी लागायची नाही.

काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. पहिले सहा महिने माणूस चौकटीबाहेर जायचा. नंतर हात आपोआप उलटा वळायला लागला.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते. हा कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून बघावं लागतं. समोरच्याला वाटतं आपण त्याच्यापुढे मान लववली. डोळ्याला कॅमेरा लावला की म्हातारी माणसं ताठ व्हायची, मॅटपुढे नाही व्हायची. माझे सगळे चांगले पोर्ट्रेट त्यामुळे आहेत.

निळी_शाई
डार्करूम काका, मान लववण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा.

मी फाइन आर्ट्सचीच, प्रिंटमेकिंग. माझा पेंटॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ पर्यंत बनत राहिला, जवळजवळ काही न बदलता. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईसाठी. बॅटरी संपली तरी शटर चालतं. मीटरला बंद-चालूचं बटणसुद्धा नाही, लेन्सवर टोपी घातली की अंधार झाला आणि मीटर झोपलं. आमच्या वेळी चौघी मैत्रिणींत मिळून एक होता. एक रोल, छत्तीस फोटो, प्रत्येकीच्या वाट्याला नऊ. नऊच आहेत म्हटल्यावर आम्ही कमाटीबागेत अख्खी दुपार फिरायचो आणि एखादाच काढायचो. मला बघायला शिकवलं ते त्या नऊने.

आणि आपल्या फॅकल्टीचं नाव निघालं म्हणून, ज्योती भट्ट. मुळात चित्रकार आणि प्रिंटमेकर. गुजरातच्या खेड्यांत फिरून भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण यांचे फोटो काढायला त्यांनी सुरुवात केली, आणि मग दशकानुदशकं ते काम चालू राहिलं. पुढच्या पावसाळ्यात किंवा पुढच्या सारवणात जे पुसलं जाणार होतं ते त्यांच्यामुळे राहिलं. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. भाचीला कॅमेऱ्याच्या आधी त्यांचे फोटो दाखवा. घराच्या भिंतीपुढे उभी बाई, आणि भिंतीवरचं चित्र तिच्याच हातचं. बाई आणि भिंत दोन्ही एका फोटोत, दोघींना सारखाच मान. असं बघायला यायला हवं.

पावागड
सगळ्यांचा मान राखून, मी थोडा वेगळा सूर लावतो.

इथे आवडता म्हणजे जुना, गैरसोयीचा असं समीकरण होत चाललंय. मला माझा निकॉन झेड६ आवडतो तो सोयीचा आहे म्हणूनच. चांपानेरच्या जामी मशिदीत आत किती अंधार असतो ते तुम्हाला माहीत आहे. ट्रायपॉडला परवानगीची भानगड. या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप खातो, त्यामुळे पाव सेकंदाचा फोटो हातात धरून काढता येतो. खांबांची रांग, जाळीतून पडलेला उजेड, दगडावरची कोरीव नक्षी, सगळं कमी आयएसओवर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता न वाढवता, स्वच्छ. के१००० वर हे हातात धरून झालं नसतं.

नऊ फोटोंची शिस्त चांगली, मान्य. पण शिस्त माणसाला असते, कॅमेऱ्याला नाही. मी डिजिटलवरही दिवसाला वीस काढतो.

फोटो कसा आला यावरूनच कॅमेरा आवडावा असं माझं मत.

राजमहालरोड
@पावागड, झेड६ ला फोटो साठवायच्या कार्डाची खाच एकच. माझ्या धंद्यात तेवढ्या एका कारणासाठी तो बाद.

मी लग्नं आणि गरबे करतो, पोटासाठी. २०१६ साली वाडीतल्या एका लग्नात सप्तपदीनंतर कार्ड बंद पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कार्ड कुणाचंही जातं. घामाने शर्ट भिजला. पण माझा कॅनन ५डी मार्क थ्री दोन खाचांचा, दुसऱ्या कार्डावर सगळं उतरत होतं. मुलीच्या वडिलांना काही कळलंही नाही. घरी आलो आणि कॅमेरा देवापुढे ठेवला. हे खरंच केलं.

आता गरब्याचं. बडोद्याच्या मोठ्या मैदानात हजारो माणसं एका वर्तुळात फिरतात, सगळी अनवाणी, आणि दहा वाजल्यानंतर धुळीचा एक थर गुडघ्यापर्यंत उठतो. दिव्यांच्या उजेडात ती धूळ सोनेरी दिसते. मी शटर पंधराव्या भागावर आणतो आणि एका बाईच्या चेहऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत जातो. चेहरा टिकतो, बाकी सगळं मैदान रंगांचे फराटे होऊन वाहतं. वीसात एक जमतो. पण तो एक जमला की त्यात गरब्याचा आवाज ऐकू येतो.

नऊ रात्री धूळ खाऊन हा कॅमेरा आजवर एकदाही अडला नाही. शटर एकदा बदललंय, रबराची पकड दोनदा चिकटवलीय. नवीन घ्यायला हवा हे कळतं. पण मला त्याच्यावर भरवसा आहे, आणि मी आवडता म्हणतो तो भरवशामुळे.

बडोदेकर_टोरांटो
इथे बर्फ पडतंय आणि मी तुमचा गरबा वाचतोय.

आमच्याकडेही क्लिक थ्री होता. कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीसमोर आम्हा चुलत भावंडांना ओळीत उभं केलेला फोटो आहे, बाबांची लांब सावली आमच्या पायांपर्यंत आलेली. सूर्य पाठीशी ठेवा या नियमाचा तो परिणाम असणार, आज कळलं!

प्रश्न: त्यात अजून फिल्म घालता येते का? १२० मिळते ना?

डार्करूम
मिळते. १२० चा रोल आजही जगभर बनतो. आमच्या वेळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू असायचा, पूर्व जर्मनीचा ओर्वो असायचा. ते दोन्ही गेले. आता ऑनलाइन मागवावा लागतो, आणि धुण्यासकट एका रोलला हजारावर जातात.

दांडियाबाजार, रोल भरणार असाल तर ४०० चा, म्हणजे उजेड पटकन टिपणारा, घालू नका. या कॅमेऱ्याचं शटर हळू, दुपारच्या उन्हात फिल्म करपून जाईल. १०० किंवा १२५ चा ब्लॅक अँड व्हाइट घ्या आणि सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर काढा. थोडा प्रकाश जास्त झाला तरी निगेटिव्ह सोसते, कमी झालेला सोसत नाही.

मागे लाल खिडकी आहे, त्यातून आकडा दिसेपर्यंत गुंडाळायचं. फोटो काढला की लगेच गुंडाळा. हा कॅमेरा तुम्हाला आठवण करून देणार नाही.

खंडेरावमार्केट
माझी गोष्ट जरा दुखरी आहे.

झेनिट ई. रशियन. भोपाळच्या मामाने दिलेला. त्याच्यावर हेलिओस ४४-२, ५८ मिमी. कॅमेरा विटेसारखा. दुकानदार हातात घेऊन म्हणाला होता, "भाई, आ तो लोखंड छे!" पण त्या लेन्सवर झाडापुढे माणूस उभा केला की मागची पानं गोल गोल फिरायला लागतात, भोवऱ्यासारखी. आजच्या लेन्स हा दोष काढून टाकतात. मला तो दोषच हवा असतो. बायकोचा लग्नाआधीचा फोटो आहे, निंबाच्या झाडापुढे, सगळं झाड तिच्याभोवती फिरतंय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं. आम्ही तळमजल्यावर. मगर सोसायटीत फिरत होती, त्यामुळे दोन दिवस खालच्या खोलीत जाताच आलं नाही. कॅमेरा वरच्या फळीवर होता, पाण्यात बुडाला नाही, पण त्या दमटात महिनाभर राहिला. काढून पाहिला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

एकाकडे साफ करायला दिला. पैसे घेतले, काच चकचकीत करून दिली. पण फोटोत मधोमध स्वच्छ आणि कडा पुसल्यासारख्या. चार महिने मी फिल्मला दोष देत होतो. शेवटी कळलं की पुढचं भिंग उलटं बसवलंय.

पावागड
@खंडेरावमार्केट वाईट वाटलं. भिंग उलटं असेल तर सरळ करता येतं, हेलिओस त्या मानाने सोपी आहे. पुढची नावाची रिंग रबरी टोपीने दाबून फिरवली की सुटते. पण ओरखडा पडायची भीती असेल तर हात लावू नका.

बडोद्यात राहणाऱ्या सगळ्यांना विनंती, कॅमेरे कातडी पिशवीत ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि आत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा. चाळीस ते पन्नास टक्के ठेवा. त्याहून खूप कोरडंही नको, वंगण सुकतं. सिलिकाचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं.

तांदळात ठेवणाऱ्यांनी कृपा करून ठेवू नये. त्याची पिठी लेन्सच्या रिंगेत जाते.

दांडियाबाजार
पिशवीतून आताच बाहेर काढला.

निळी_शाई
अवांतर: बडोदा आणि कॅमेरा म्हटलं की मला दादासाहेब फाळके आठवतात. सिनेमाच्या कितीतरी आधी ते इथल्या कलाभवनात शिकले. चित्रकला तर शिकलेच, पण कॅमेरा आणि फोटोची रसायनं यांच्यात त्यांचा हात बसला तो इथे. नंतर गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं आणि त्यांनी ते गाव सोडलं. कलाभवनावरून जाताना दर वेळी हे मनात येतं.

सेवउसळ
ताई, हे माहीत नव्हतं. रोज त्या रस्त्याने जातो मी.

पाणवठा
+१

राजमहालरोड
मूळ प्रश्नाकडे. भाचीसाठी निकॉन डी७००० वापरलेला, आणि त्याला ३५ मिमी एफ १.८ ची डीएक्स लेन्स. दोन्ही मिळून बजेटच्या निम्म्यात बसेल. कार्डाच्या खाचा दोन! शिवाय जुन्या मॅन्युअल निकॉन लेन्सही त्यावर मीटरसकट चालतात. घेताना शटर किती वेळा चाललंय ते बघा, आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी तपासा. उरलेल्या पैशात कोरडा डबा आणि प्रवास.

पावागड
डी७००० ला माझंही अनुमोदन. झेड६ सुचवणार होतो, पण विद्यार्थ्याला स्वस्त लेन्स जास्त महत्त्वाच्या.

निळी_शाई
आणि माझा के१००० कपाटात पडून आहे. मीटरची सुई अजून हलते. तिला वर्षभर वापरायला देते. अट एकच, महिन्याला एक रोल तरी झाला पाहिजे. चौघींच्या वाटणीचा कॅमेरा पाचव्या मुलीकडे गेला तर बाकी तिघींनाही आवडेल, विचारलंय मी.

दांडियाबाजार
तीन आठवड्यांनी परत येतोय.

डी७००० घेतला. के१००० निळी_शाई ताईंकडून आणला. आणि आबांच्या क्लिक थ्रीत १२५ चा रोल घालून भाचीच्या हातात दिला. डार्करूम काकांनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून दिलं होतं.

तिने एकाच रविवारी बारा फोटो संपवले. सकाळी सात वाजता सूरसागरच्या काठी, मग न्यायमंदिर, मग घरी येऊन आजी. काका म्हणाले माझ्याकडे घेऊन ये, आपण घरीच धुऊ. आम्ही दोघं गेलो. त्यांच्या मोरीत अंधार करून, पातेल्यात बर्फ टाकून पाणी वीस डिग्रीवर आणलं. डी-७६ हे फिल्म धुण्याचं रसायन, निम्मं पाणी घालून, अकरा मिनिटं. दर मिनिटाला डबा उलटासुलटा करायचं काम भाचीकडे. काका घड्याळाकडे न बघता वेळ सांगत होते आणि बरोबर सांगत होते.

बारापैकी सात आले. दोन हलले. दोन दहा फुटांच्या आतले, धूसर. आणि एक असा की न्यायमंदिर काढल्यावर ती गुंडाळायला विसरली आणि त्याच फ्रेमवर खिडकीत बसलेली आजी आली. आजीच्या पांढऱ्या लुगड्यावर कमानी उमटल्यात, आणि घुमट बरोबर तिच्या डोक्यामागे. आई तो फोटो घेऊन दिवसभर फिरत होती. आबांची नोकरी न्यायमंदिरातच होती, चौतीस वर्षं.

भाचीला विचारलं, तिघांतला कुठला आवडला? म्हणाली, "मामा, डी७००० वर मी दोनशे काढले, चांगले आहेत. पण क्लिकवाले बाराच्या बारा मला तोंडपाठ आहेत."

@पावागड, तुमचाही मुद्दा तिला सांगितला. चांपानेरला ती डी७००० च नेणार आहे.

पावागड
तो दुहेरी फोटो पाहायला मिळेल का? माझं म्हणणं थोडं मागे घेतो. तो फोटो झेड६ वर ठरवून काढता आला असता, पण मला सुचला नसता. चांपानेरला येणार असाल तर कळवा, जामी मशिदीत उजेड कुठून कधी येतो ते मला पाठ आहे.

बडोदेकर_टोरांटो
आईला आत्ता फोन केला. आमचा क्लिक थ्री माळ्यावर आहे म्हणते. येत्या जानेवारीत येतोय.

डार्करूम
मुलीचा हात चांगला आहे. डबा उलटा करताना घाई करत नाही.

निगेटिव्ह परत तपासल्या. चौथ्या आणि सातव्या फ्रेमच्या कडेला काळा डाग आहे, धुण्यातला नाही. मागच्या लाल खिडकीतून ऊन गेलंय. पुढच्या रोलला तिथे काळी चिकटपट्टी लावा, फक्त गुंडाळताना उचलायची, तीही सावलीत. पट्टी माझ्याकडे आहे. शनिवारी चारनंतर या, कॅमेरा आणा, मी लावून देतो. टोरांटोवाल्यांचा आला की त्यालाही लावू.